सगळ्यांत मोठ्या कोनाचा कारभार

विदर्भाचा नकाशा पुढ्यात घ्या आणि पेन्सिलीचं टोक नागपुरात, धंतोलीवर टेकवा. धंतोलीच का, याला फार मोठं कारण नाही. शहराच्या मध्याजवळची वस्ती आहे, आणि एवढ्या नकाशावर धंतोली, सीताबर्डी, झिरो माईल हे सगळं एकाच ठिपक्यात मावतं. या ठिपक्यापासून एक सरळ रेघ अमरावतीपर्यंत ओढा, दुसरी यवतमाळपर्यंत. मग अमरावती आणि यवतमाळ जोडून टाका. एसटीचा रस्ता विसरा. आपल्याला पट्टीनं मोजलेलं सरळ अंतर हवंय. नागपूर ते अमरावती सुमारे १३८ किलोमीटर, नागपूर ते यवतमाळ १३१ आणि अमरावती ते यवतमाळ ७०. कोनमापक लावला तर धंतोलीपाशी ३१ अंश, अमरावतीला ६९ आणि यवतमाळला ८०. तिन्ही कोन नव्वदच्या आत. हा लघुकोन त्रिकोण.

आता अमरावती तशीच राहू द्या, फक्त यवतमाळच्या जागी चंद्रपूर घ्या. नागपूर ते चंद्रपूर सुमारे १३३ किलोमीटर. धंतोलीवर कोनमापक ठेवा आणि काटा कुठं येतो ते बघा. जवळजवळ नेमका नव्वदवर! कोणी ठरवून केलेलं नाही हे. गोंड राजांनी चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, वसवताना अमरावतीशी काटकोन साधायचा विचार केला असेल असं वाटत नाही. शहरं ठिपक्याएवढी नसतात, त्यामुळे अमरावतीत राजकमल चौक धरला की बडनेरा, यावर अंशभर इकडेतिकडे होईल. पण भूगोलाच्या हिशेबात हा काटकोन त्रिकोण म्हणायला हरकत नाही.

तिसऱ्या खेपेला वर्धा आणि भंडारा घ्या. वर्धा नैर्ऋत्येला ६७ किलोमीटरवर, भंडारा पूर्वेला ५८ वर, आणि नागपूर दोघांच्या मध्ये. इथं धंतोलीचा कोन तब्बल १४१ अंश भरतो. वर्ध्याच्या वाट्याला १८ आणि भंडाऱ्याच्या वाट्याला २१ एवढेच उरतात. हा विशालकोन त्रिकोण.

तीन त्रिकोण, तीन जाती, आणि एक शिरोबिंदू तिन्हींत तोच. शाळेत आपण ही नावं पाठ करतो आणि पुढं निघतो. या वर्गीकरणात एक मोठी विषमता दडलेली आहे, ती मात्र क्वचित कोणी दाखवून देतं. त्रिकोण विशालकोन ठरायला एकच कोन नव्वदच्या वर जावा लागतो. काटकोन ठरायलाही एकच पुरतो. लघुकोन ठरायला मात्र तिघांचीही संमती लागते. म्हणून परीक्षेत हमखास होणारी चूक अशी: मूल त्रिकोणाचा एक कोपरा बघतं, तो ४० अंशांचा दिसतो, आणि ते ‘लघुकोन त्रिकोण’ लिहून मोकळं होतं. पण लघुकोन प्रत्येक त्रिकोणात असतात, निदान दोन तरी. वर्धा–नागपूर–भंडाऱ्यातही दोन आहेत. त्रिकोणाची जात विचारायची ती फक्त सगळ्यांत मोठ्या कोनाला.

एका त्रिकोणात दोन विशालकोन का मावत नाहीत? तीन कोनांची बेरीज १८० अंश म्हणून, हे उत्तर सगळ्यांना येतं. पण ती बेरीज तेवढीच का, हेही नकाशावरच दिसतं. धंतोलीतून अमरावती–चंद्रपूर या रेघेला समांतर अशी एक रेघ ओढा. धंतोलीचा कोन त्या रेघेवर मधोमध बसेल, त्याच्या एका बाजूला अमरावतीचा कोन जसाच्या तसा येईल आणि दुसऱ्या बाजूला चंद्रपूरचा. तिघं मिळून एक सरळ रेघ भरून काढतात. सरळ रेघ म्हणजे १८० अंश. एवढ्याच भांडवलात तिघांनी भागवायचं असतं, त्यामुळे एकानं निम्म्याहून जास्त उचललं की दुसऱ्याला तसं करायला जागाच उरत नाही.

या भांडवलाच्या वाटणीतून एक मजेशीर प्रश्न निघतो. डोळे मिटून कसाही त्रिकोण काढला तर तो कोणत्या जातीचा निघेल? पाठ्यपुस्तकातला, फळ्यावरचा, रांगोळीतला त्रिकोण बहुतेक लघुकोन असतो. आपला हात तसाच वळतो. त्यामुळे लघुकोन त्रिकोण म्हणजे नेहमीचा, साधा त्रिकोण आणि विशालकोन म्हणजे अपवाद, अशी आपली समजूत होते. खरं प्रमाण उलटं आहे.

ते असं पडताळता येतं. कागदावर १८ सेंटिमीटर उंचीचा समभुज त्रिकोण काढा. त्याच्या आत कुठंही टिंब द्या आणि तिथून तिन्ही बाजूंवर लंब टाका. टिंब कुठंही असलं तरी तिन्ही लंबांची बेरीज १८ सेंटिमीटरच भरते. सतराव्या शतकातल्या व्हिव्हियानी या इटालियन गणितज्ञाच्या नावानं हा गुणधर्म ओळखला जातो. आता एक सेंटिमीटर म्हणजे १० अंश असं धरा. प्रत्येक टिंब म्हणजे तीन कोनांची एकेक वाटणी झाली, म्हणजेच एकेका आकाराचा त्रिकोण झाला. मग मोठ्या त्रिकोणाच्या बाजूंचे मध्यबिंदू एकमेकांना जोडा. आत चार सारखे छोटे त्रिकोण तयार होतात. मधल्यात पडलेल्या टिंबाचे तिन्ही लंब ९ सेंटिमीटरपेक्षा कमी असतात, म्हणजे ते लघुकोन. कोपऱ्यातल्या तिघांत पडलेली टिंबं सगळी विशालकोन. चारांतले तीन! आणि काटकोन त्रिकोण? ते फक्त मधल्या तीन रेघांवर राहतात. रेघेला लांबी असते, क्षेत्रफळ नसतं. डोळे मिटून टिंब दिलं तर ते नेमकं रेघेवर पडण्याची शक्यता शून्य. अमरावती–नागपूर–चंद्रपूरचा काटकोन ‘जवळजवळ’च का, याचं उत्तर इथं मिळतं.

‘ॲलिस इन वंडरलँड’चा लेखक लुईस कॅरल हा पेशानं गणिताचा शिक्षक होता. रात्री झोप येत नसताना मनातल्या मनात सोडवलेल्या गणितांचं पुस्तक त्यानं १८९३ साली छापलं. त्यात हाच प्रश्न आहे, पण त्यानं कोन वाटले नाहीत. सगळ्यांत लांब बाजू आधी ठरवायची आणि तिसरा बिंदू कुठंही टाकायचा, असा त्याचा मार्ग. उत्तर आलं सुमारे ६४ टक्के विशालकोन. याच मार्गानं जाऊन ठरवलेली बाजू सगळ्यांत लांब न धरता मधल्या लांबीची धरली, तर उत्तर ८२ टक्के येतं. म्हणजे ‘कसाही’ काढलेला त्रिकोण हा शब्दच निसरडा आहे. कसाही म्हणजे कसा, हे सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नाही. एक गोष्ट मात्र तिन्ही हिशेबांत कायम राहते: बहुमत विशालकोनांचं.

कोनमापक नसेल तर त्रिकोणाची जात कशी ओळखायची? बांधकामावरच्या मिस्त्रीला विचारा. पायाची आखणी करताना तो कोपऱ्यापासून एका दोरीवर तीन फुटांवर खूण करतो, दुसऱ्या दोरीवर चार फुटांवर, आणि दोन खुणांमधलं अंतर टेपनं मोजतो. पाच फूट भरलं की कोपरा गुण्यात आला. पाचला थोडं कमी पडलं तर कोपरा आवळलाय, म्हणजे लघुकोन झालाय. जास्त भरलं तर पसरलाय, म्हणजे विशालकोन. थोडं म्हणजे किती, हेही बघण्यासारखं आहे. पाच फुटांऐवजी पाच फूट एक इंच आलं तर कोपरा ९२ अंशांचा असतो. दोन अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण बारा फुटांच्या भिंतीच्या टोकाला ती पाच इंच बाहेर गेलेली असते, आणि मग फरशी बसवणारा कारागीर शेवटच्या ओळीत पाचरीसारखे तुकडे कापत बसतो.

मिस्त्रीची ही रीत म्हणजे पायथागोरसचा नियम हे सगळे जाणतात. तीनाचा वर्ग अधिक चाराचा वर्ग बरोबर पाचाचा वर्ग. पण तीच रीत काटकोनाच्या अलीकडे-पलीकडेही चालते. सगळ्यांत लांब बाजूचा वर्ग करा आणि बाकी दोघींच्या वर्गांच्या बेरजेशी ताडून पाहा. कमी भरला तर त्रिकोण लघुकोन, जास्त भरला तर विशालकोन. युक्लिडनं त्रिकोणांच्या या तीन जाती आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच भागात व्याख्येत सांगून ठेवल्या, आणि दुसऱ्या भागात बारावं आणि तेरावं अशी दोन प्रमेयं दिली: वर्गांत नेमका किती फरक पडतो, ते विशालकोनासाठी एक आणि लघुकोनासाठी एक. नागपूर–अमरावती–यवतमाळवर हे करून बघा. १३८ चा वर्ग १९,०४४. १३१ आणि ७० यांच्या वर्गांची बेरीज २२,०६१. लघुकोन. कोनमापकाला हात न लावता फक्त अंतरांवरून सांगता आलं.

आता जरा खानदेशात जाऊ. चाळीसगावजवळच्या पाटण गावी एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला, त्याला १२०७ साली मिळालेल्या दानाची त्यात नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० ची. तिच्यात त्रिकोणाचं प्रकरण आहे, पण त्यात कोन मोजलेले नाहीत. तिथला प्रश्न वेगळाच आहे: त्रिकोणाच्या माथ्यावरून जमिनीवर लंब सोडला तर तो कुठं पडेल?

उदाहरण असं. बाजू १३ आणि १५, पाया १४. दोन बाजूंची बेरीज २८, वजाबाकी २. त्यांचा गुणाकार ५६, त्याला पायानं भागलं की ४. आता १४ मधून ४ वजा करून निम्मे केले की ५, आणि मिळवून निम्मे केले की ९. लंब पायाचे हे दोन तुकडे करतो. भास्कराचार्य त्यांना आबाधा म्हणतात. लंब येतो १२, क्षेत्रफळ ८४. सगळं पूर्णांकात, देखणं.

पुढचं उदाहरण खास आहे. बाजू १० आणि १७, पाया ९. त्याच रीतीनं बेरीज २७, वजाबाकी ७, गुणाकार १८९, भागिले ९ म्हणजे २१. आता ९ मधून २१ वजा करायचे! उणे १२, त्याचे निम्मे उणे ६. दुसरी आबाधा १५. एखाद्यानं इथं ‘असा त्रिकोण नसतो’ म्हणून पाटी पुसली असती. भास्कराचार्यांनी ती आबाधा ऋण आहे, म्हणजे उलट दिशेची आहे, असा अर्थ लावला. लंब पायावर पडतच नाही, पायाच्या बाहेर सहा एकक पलीकडे पडतो. लंब ८, क्षेत्रफळ ३६, आणि तेही चोख पूर्णांकात.

हा त्रिकोण विशालकोन आहे. १७ चा वर्ग २८९. १० आणि ९ यांच्या वर्गांची बेरीज १८१ च. म्हणजे पायाच्या एका टोकाचा कोन नव्वदच्या पलीकडे गेला की त्या बाजूची आबाधा शून्याच्या खाली जाते. नेमका नव्वद असेल तर? ३, ४, ५ घ्या, पाया ४ धरा: बेरीज ८, वजाबाकी २, गुणाकार १६, भागिले ४ म्हणजे ४. चारातून चार वजा, आबाधा शून्य. लंब पायाच्या टोकावरच उभा, म्हणजे ती बाजूच लंब. लघुकोन, काटकोन, विशालकोन या तीन नावांमागे अधिक, शून्य आणि उणे ही तीन चिन्हं उभी आहेत. त्रिकोणमितीच्या भाषेत कोज्येचं (कोसाइनचं) चिन्ह बदलतं ते हेच. मला स्वतःला कोनमापकाच्या व्याख्येपेक्षा ही मांडणी जास्त आवडते. व्याख्या नव्वदला सीमा का मानते ते सांगत नाही, ही सांगते.

धंतोलीत परत येऊ, कारण काटकोन त्रिकोणाचं एक रोजचं उदाहरण इथल्या कुठल्याही गच्चीवर करता येतं. मीटरभर लांबीची काठी ओळंब्यात उभी करा. काठी, तिची सावली आणि काठीच्या टोकापासून सावलीच्या टोकापर्यंतचा सूर्यकिरण, हा त्रिकोण सपाट गच्चीवर नेहमीच काटकोन असतो. दिवसभर आणि वर्षभर बदलत राहतात ते बाकीचे दोन कोन. नागपूर सुमारे २१.१५ उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य साडेतेवीस अंश दक्षिणेला गेलेला असतो, त्यामुळे भर मध्यान्हीही तो नागपूरच्या आकाशात ४५ अंशांच्या किंचितच वर चढतो. मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. नागपुरात त्या दिवशी सूर्य माथ्याच्या रेषेवर येतो तो सव्वाबाराच्या थोडा आधी. तेव्हा एक मीटर काठीची सावली ९८–९९ सेंटिमीटर भरते. काठी आणि सावली जवळपास सारखी: ४५-४५-९०, म्हणजे कंपासपेटीतल्या दोन गुण्यांपैकी एक. नागपूरच्या अक्षांशाचा हा योगायोग आहे, पुण्या-मुंबईला तो जमत नाही. मे महिन्यात २६ तारखेच्या आसपास उलट टोक गाठलं जातं. सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली काठीच्या बुडाशी गोळा होते आणि त्रिकोण उरतच नाही. शून्य सावलीचा हा दिवस नागपूरकर हौसेनं पाहतात, म्हणजे त्या उन्हात जे गच्चीवर जायला तयार असतात ते.

काटकोन त्रिकोण म्हटल्यावर मनात गुण्याचा आकार येतो, पण नाव तेवढंच सांगतं, आकार सांगत नाही. धंतोलीत रुग्णालयं दाटीनं आहेत. व्हीलचेअरसाठी उताराचा रस्ता करताना एक फूट चढायला बारा फूट लांबी धरतात. बाजूनं पाहिलं तर तोही काटकोन त्रिकोणच, मात्र त्याचे कोन ९०, ८५ आणि पाचाच्याही आत. कागदावर काढला तर त्रिकोण न वाटता जाड रेघ वाटावी.

एवढ्या बारीक कोनाची भीती ज्यांना खरोखर वाटायची ते लोक धंतोलीपासून सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटरवर भेटतात, हिंगणघाटला.

विल्यम लॅम्बटन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी शंभर फुटी पोलादी साखळीनं साडेसात मैलांची एक रेघ मोजायला सुरुवात केली. तीच भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पहिली पायारेषा. लांबी मोजायचं कष्टाचं काम अशा मोजक्या पायारेषांपुरतंच. त्यानंतर मोजायचे ते फक्त कोन. पायारेषेच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीवरच्या खुणेकडे पाहायचं, कोन टिपायचे, त्यावरून त्रिकोणाच्या उरलेल्या दोन बाजू गणितानं काढायच्या. त्यांतली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया. असे एकाला एक लागून त्रिकोण काढत लॅम्बटन कन्याकुमारीकडून उत्तरेकडे सरकत राहिला. कोन मोजायचं त्याचं यंत्र, थिओडोलाइट, तीन फूट व्यासाच्या चकतीचं आणि सुमारे अर्धा टन वजनाचं होतं. इंग्लंडहून येताना ते फ्रेंचांनी समुद्रात पकडून मॉरिशसला नेलं आणि मग सौजन्यानं परत केलं. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर चढवताना दोर निसटून ते भिंतीवर आदळलं. लॅम्बटननं तंबूत बसून आठवडेच्या आठवडे ठोकठाक करून ते स्वतः दुरुस्त केलं.

आता प्रश्न असा, की कुठल्याही तीन टेकड्या घेऊन त्रिकोण काढला तर काय बिघडतं? बिघडतं ते गणितात. ओळखीच्या बाजूवरून अनोळखी बाजू काढताना ओळखीच्या बाजूसमोरच्या कोनाची ज्या (साइन) भाजक म्हणून येते. तो कोन ६० अंशांचा असेल आणि मोजण्यात एक विकला, म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, चूक झाली, तर ५० किलोमीटरच्या बाजूत सुमारे १४ सेंटिमीटरचा फरक पडतो. तोच कोन १० अंशांचा असेल तर तेवढ्याच चुकीनं जवळपास १ मीटर ३७ सेंटिमीटर. पाच अंशांचा असेल तर त्याच्याही दुप्पट. आणि ही चूक तिथंच थांबत नाही, पुढच्या त्रिकोणाचा पाया तीच होते.

विशालकोन त्रिकोण सर्वेक्षकाला का नकोसा, ते यावरून कळतं. १४१ अंशांचा कोन मोजायला काही अवघड नसतो. तो स्वतः निरुपद्रवी आहे. पण त्यानं मोठा वाटा घेतल्यावर बाकी दोघांना १८ आणि २१ वर भागवावं लागतं, आणि दगा तिथं होतो. वर्धा–नागपूर–भंडारा असा त्रिकोण सर्वेक्षकानं कधीच स्वीकारला नसता. अमरावती–नागपूर–यवतमाळही त्याला नाइलाजानंच चालला असता. लघुकोन खरा, पण धंतोलीचा कोन जेमतेम ३१. सर्वेक्षणाच्या पुस्तकांत ठोकताळा दिलेला असतो: कोणताही कोन ३० अंशांच्या खाली नको आणि १२० च्या वर नको. उत्तम म्हणजे तिघं साठच्या आसपास. म्हणजे शाळेतली नव्वदची सीमारेषा सर्वेक्षकाच्या लेखी फारशी महत्त्वाची नाही. त्यानं आपल्या कामापुरती दुसरी विभागणी केली, विश्वासाचा त्रिकोण आणि बिनविश्वासाचा. पण ती करतानाही त्यानं बघितले ते कोनच, बाजू नव्हेत.

दुसरी शिस्त अशी, की त्रिकोणाचे दोन कोन कळल्यावर तिसरा वजाबाकीनं मिळत असला तरी तोही प्रत्यक्ष जाऊन मोजायचाच. त्यासाठी अर्धा टनाचं धूड आणखी एका टेकडीवर चढवावं लागे. तिन्हींची बेरीज बघितली की चूक उघडी पडते. गंमत म्हणजे बेरीज बरोबर १८० आली तर ती चूक! पृथ्वी गोल आहे, तिच्या पाठीवरचा त्रिकोण किंचित फुगलेला असतो. बाजू ५० किलोमीटरची असेल तर तिन्ही कोन मिळून १८० अंश आणि वर सुमारे साडेपाच विकला भरायला हव्यात. त्रिकोण वाढवत नेला तर हा फुगवटा इतका होतो, की वर सांगितलेला नियमच मोडतो. उत्तर ध्रुव आणि विषुववृत्तावरची ९० रेखांशांच्या अंतरानं घेतलेली दोन ठिकाणं जोडा. तिन्ही कोन काटकोन. एका त्रिकोणात एकच काटकोन, हा नियम कागदापुरता आणि विदर्भापुरता ठीक आहे, पृथ्वीगोलाला तो लागू नाही.

१८१८ मध्ये या कामाला ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे हे नाव मिळालं आणि जॉर्ज एव्हरेस्ट मदतनीस म्हणून आला. त्रिकोणांची मुख्य साखळी ७८ रेखांशाच्या आसपासनं वर चालली होती, म्हणजे आपल्या वऱ्हाडातून. लॅम्बटननं हैदराबादचा तळ हलवून नागपूरला न्यायचं ठरवलं. भोसल्यांचं नागपूर ते. धंतोली तेव्हा वस्ती म्हणूनही नव्हती. पण सत्तरीच्या घरातला लॅम्बटन वाटेतच खंगला आणि २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट इथं वारला. त्याची कबर तिथंच आहे. सूत्रं एव्हरेस्टच्या हाती आली, साखळी हिमालयाच्या पायथ्याला पोचली, आणि जगातल्या सर्वोच्च शिखराला नाव मिळालं ते एव्हरेस्टचं. लॅम्बटनचं नाव हिंगणघाटलाही फार जणांना ठाऊक नाही.

नागपूरकर पाहुण्याला झिरो माईलचा खांब दाखवतो आणि इथं भारताचा मध्य आहे असं अभिमानानं सांगतो. त्याच जागी जीटीएसची, म्हणजे याच सर्वेक्षणाची, उंचीची खूण आहे आणि समुद्रसपाटीपासूनचा आकडा १०२०.१७१ फूट असा फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत दिलेला आहे, हे सांगायला मात्र तो विसरतो.

आज टेकड्यांवर कोणी यंत्र चढवत नाही. खिशातला फोन उपग्रहांपासूनची अंतरं मोजतो आणि आपण कुठं आहोत ते सांगतो. तो कोन मोजत नाही, तरी बारीक कोनाची भीती त्यालाही सुटलेली नाही. उपग्रह आभाळभर विखुरलेले दिसत असतील तर त्यांच्या अंतरांवरून येणाऱ्या रेषा एकमेकींना ठसठशीत छेदतात आणि जागा नेमकी ठरते. पण धंतोलीसारख्या वस्तीत, दोन्हीकडे इमारती असलेल्या अरुंद गल्लीत, फोनला आभाळाची एक पट्टीच दिसते. तिथले उपग्रह सगळे जवळपास एकाच दिशेला, त्यामुळे छेद तिरपे आणि निसटते होतात. भिंतींवर आपटून येणारे संदेश त्यात भर घालतात. नकाशावरचं निळं टिंब मग या गल्लीतून त्या गल्लीत उड्या मारू लागतं, आणि रुग्णाला घेऊन दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला गाडीवाल्याचा फोन येतो: “भाऊ, लोकेशनवर तर आलो मी. तुम्ही कुठं आहे जी?”